सनदेवाचून वकील

मराठीत 'मास्तर' हा शब्द दोन स्वरांत उच्चारला जातो. एका स्वरात आदर असतो, दुसऱ्यात थोडी कीव असते. मास्तर प्रामाणिक असतात, गरीब असतात, त्यांना पुष्कळ ठाऊक असते आणि व्यवहारात त्यांचे फारसे चालत नाही, असा आपल्याकडील जुना समज आहे. राज्यकारभार मुत्सद्द्यांनी करावा, परराज्याशी बोलणी घरंदाज आणि मुरब्बी माणसांनी करावीत, मास्तरांनी मुलांना त्रैराशिक शिकवावे, अशी कामांची वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. ही वाटणी ज्यांच्या चरित्राने खोटी ठरविली, ते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचे नाव आपण इतक्या लहानपणी पाठ केलेले असते, की पुढे त्याविषयी विचार करण्याचे राहूनच जाते. मला त्यांच्या आयुष्यातील एकाच प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे. परंतु तो प्रसंग कळावयास आधी शाळेपासून निघाले पाहिजे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील कागलला नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. वडीलभाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला, तेव्हा वहिनींनी अंगावरचे दागिने काढून दिले. अशा घरातला मुलगा १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाला, तेव्हा त्याने सरकारी नोकरी धरावी, निदान वकिली करावी, असे कोणालाही वाटले असते. त्याने १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात पस्तीस रुपयांवर मास्तरकी पत्करली. पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य होऊन त्याने वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याची शपथ घेतली. पगार पुढे पंचाहत्तर रुपये झाला. १९०२ साली सेवा संपवून ते फर्ग्युसन कॉलेजातून बाहेर पडले, तेव्हा त्यांना निवृत्तिवेतन मिळाले महिना तीस रुपये.

ते शाळेत शिकवीत, कॉलेजात शिकवीत. गणित शिकवीत, इंग्रजी शिकवीत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवीत. जो विषय रिकामा पडेल तो त्यांच्याकडे येई. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक हिंदुस्थानभर शाळांतून चालले, देशी भाषांत उतरले, आणि त्याच्या उत्पन्नाचा त्यांना पुढे मोठा आधार झाला. ज्या गृहस्थाने व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकाची चिरफाड केली, त्याचा चरितार्थ काही अंशी मुलांच्या अपूर्णांकांवर चालला होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

अंकगणिताच्या मास्तराला एक सवय लागते. उत्तर बरोबर येऊन भागत नाही. ते कसे आले हे पाटीवर मांडून दाखवावे लागते. न्यायमूर्ती रानडे यांच्याजवळ बसून गोखल्यांनी ही सवय राजकारणात आणली. सरकारी अहवालातील रकान्यांचे रकाने वाचणे, दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवणे, आणि त्यांतून जे निघेल तेवढेच लिहिणे, हे शिक्षण रानड्यांनी त्यांना वर्षानुवर्षे दिले. १८९७ साली वेल्बी कमिशनापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. त्या वेळी ते फक्त तीस वर्षांचे होते. उलटतपासणीत त्यांनी भल्याभल्यांना दाद दिली नाही.

परंतु त्याच सफरीत त्यांना एक दारुण धडा मिळाला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या हकीकती त्यांना मित्रांच्या पत्रांतून कळल्या आणि त्यांनी त्या तेथील वर्तमानपत्रांत जाहीर केल्या. परत येऊन पाहतात, तो पुरावा देण्यास पुढे येणारे कोणी नाही. पत्रे लिहिणारांची नावे सांगणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल त्यांच्यावर जो शब्दांचा मारा झाला, तो पुढे अनेक वर्षे थांबला नाही. त्यांना भेकड म्हणणारे पुष्कळ निघाले. ज्याने मुलांना 'रीत दाखवा' म्हणून शिकविले, त्याने स्वतःची रीत दाखविता येईना तेव्हा उत्तर खोडले, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो. मात्र त्या खोडण्याचा डाग त्यांनी आयुष्यभर अंगावर वागविला.

त्यानंतर ते प्रथम मुंबईच्या आणि मग व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी खजिन्यात शिल्लक पडली म्हणून सगळीकडे समाधान होते. ही शिल्लक भरभराटीची नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण आहे, असे त्यांनी आकड्यांनी दाखविले. मिठावरील कराविषयी त्यांनी जो आग्रह धरला, तो दर वर्षी धरीत गेले. १९०३ साली हा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडावर, आणि १९०७ साली एक रुपयावर. याचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांचे असे कोणी म्हणणार नाही. पण वर्गात न समजलेल्या मुलाला तेच गणित चौथ्यांदा न रागावता समजावून सांगावे, तसे ते सरकारला समजावीत राहिले, हे खरे.

सर्वच गणिते अशी सुटली नाहीत. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे बिल आणले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरते, तेही जेथील स्थानिक संस्था तयार असतील तेथेच, असे ते अगदी सौम्य बिल होते. १९ मार्च १९१२ रोजी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी ते पडले. सक्तीच्या शिक्षणाचा हक्क साऱ्या देशासाठी कायद्यात यावयास २००९ साल उजाडावे लागले. मास्तराचे सर्वांत जवळचे गणित सुटावयास सर्वांत अधिक काळ लागला.

आता ज्या प्रसंगासाठी हे सर्व सांगितले, त्याकडे वळतो.

नाताळमधल्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर कराराने नेले जात. त्या कराराला 'ॲग्रीमेंट' म्हणता येईना, म्हणून ते लोक 'गिरमिट' म्हणत. गिरमिटीची मुदत संपल्यावर मजुराने स्वतंत्र माणूस म्हणून तेथे राहू नये, अशी मळेवाल्यांची इच्छा होती. म्हणून १८९५ च्या कायद्याने अशा मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. पुढे तो सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही लागू झाला. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले असली, की वर्षाचे बारा पौंड झाले. अशा मजुराची कमाई महिना चौदा शिलिंगांहून अधिक नसे, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. चौदा शिलिंग गुणिले बारा म्हणजे आठ पौंड आठ शिलिंग. मिळकतीपेक्षा कर मोठा! हा कर वसूल होण्यासाठी नव्हताच. कर चुकवावयाचा तर पुन्हा गिरमिटीवर जा किंवा चालते व्हा, हे सांगण्यासाठी होता.

रायपूरच्या समता कॉलोनीत बसून हे लिहिताना या हिशेबाला निराळा अर्थ येतो. येथून रेल्वे स्टेशन फार दूर नाही. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली, की छत्तीसगढातील कुटुंबेच्या कुटुंबे बोचकी, भांडी आणि लेकरे घेऊन दूरच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. विचारले तर 'कमाये-खाये बर' असे साधे उत्तर देतात. मिळवावयास आणि खावयास निघालो, एवढाच त्याचा अर्थ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखातून मजुरांच्या तुकड्या आसामच्या चहामळ्यांत गेल्या. त्यांचे वंशज आजही तिकडे आहेत. ज्या वसाहतीच्या नावातच समता आहे, तिच्यात राहणाऱ्या माणसाने नाताळ फार लांबचे समजू नये.

हा प्रश्न गोखल्यांनी आधी कौन्सिलात मांडला होता. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याविषयी त्यांनी आणलेला ठराव सरकारने स्वीकारला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. परंतु जे आधीच तेथे होते, त्यांचे काय? गांधीजींच्या आग्रहावरून गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत जावयास निघाले आणि २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाऊनला उतरले.

येथे आपला इतिहास आठवतो. पेशवाईत परदरबारी बोलणी करणाऱ्या माणसाला 'वकील' म्हणत. दिल्लीत हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे, अशी ही मातब्बर मंडळी. त्यांच्यापाशी धन्याची पत्रे असत, पाठीशी फौज असे, आणि शब्द मोडला तर तो मोडणाराला त्याचा जाब द्यावा लागे. गोखल्यांच्या या प्रवासाला सरकारची संमती होती. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांना पाहुण्यासारखे वागविले, प्रवासास रेल्वेचा खास डबाही दिला. पण ते कोणत्याही सरकारचे नेमलेले प्रतिनिधी नव्हते. त्यांच्यापाशी सनद नव्हती आणि त्यांच्या शब्दामागे कोणतीही सत्ता उभी नव्हती. असा हा सनदेवाचून निघालेला वकील होता.

त्या दौऱ्यातील एक गोष्ट मुलखाबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला विशेष भावेल. तेथील हिंदी लोकांत कोकणी मुसलमान होते आणि थोडे मराठी हिंदूही होते. त्यांच्यासमोर गोखल्यांनी मातृभाषेत बोलावे असे गांधीजींनी सुचविले. गांधीजींचे मराठी बेताचे, आणि मराठीचे हिंदुस्थानी करणार तेच! गोखल्यांना हसू आले. पण ते मराठीत बोलले, आणि गांधीजींनी ते श्रोत्यांना समजावून दिले. पुढे झांझिबारपर्यंतच्या प्रवासात हिंदी लोकांपुढे असे मराठी बोलणे पुष्कळदा झाले. इंग्रजी वक्तृत्वाने ज्यांनी कलकत्ता आणि लंडन गाजविले, ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोतळूकच्या बोलीकडे वळले. मराठीतील 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे रायपूरचेच. मराठी स्वतःच्या मुलखाबाहेर गेली, की तिला शेजारी लागतो, हे येथील मराठी माणसाला सांगावयास नको.

१४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरियात जनरल बोथा, जनरल स्मट्स आणि त्यांचे सहकारी यांच्याशी गोखल्यांची मुलाखत ठरली. गांधीजींनी तेथे जाऊ नये, गोखल्यांनी एकट्यानेच जावे, असा विचार झाला. मुलाखतीपूर्वी गोखल्यांनी जी तयारी केली, ती परीक्षेच्या आदल्या रात्रीची होती. चारही वसाहतींतील कायदे आणि त्यांचा इतिहास गांधीजींनी टिपून दिला. गोखल्यांनी तो वाचला, शंका विचारल्या, पुन्हा पुन्हा उजळणी केली आणि स्वतः जागून दुसऱ्यांनाही जागविले. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली होती. तरी एखादा तपशील आपणास ठाऊक नाही असे मंत्र्यांना आढळू नये, याची त्यांना काळजी होती.

मुलाखतीहून ते परतले ते प्रसन्न मनाने. वर्षभरात सर्व मिटेल, काळा कायदा जाईल, वर्णाचा अडसर जाईल, तीन पौंडांचा कर रद्द होईल, तेव्हा गांधींनी आता स्वदेशी परतावे, असे त्यांनी सांगितले. गांधीजींना तेवढा भरवसा वाटला नाही. ते त्या मंत्र्यांना अधिक जवळून ओळखत होते. मात्र आपल्या पाहुण्याला दिलेला शब्द पुढे कामास येईल, असे त्यांनी मनाशी धरले.

१९१३ साली पार्लमेंटात जनरल स्मट्स यांनी सांगितले, की नाताळमधील गोरे लोक तयार नसल्यामुळे हा कर काढता येत नाही. आश्वासन दिले होते, हेही मान्य होईना. जे बोलणे झाले ते तोंडी झाले होते.

सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आपणा मंडळींना या ठिकाणी काय वाटते, हे मी जाणतो. 'शब्द फायलीवर का घेतला नाही?' हा आपला पहिला प्रश्न. साध्या बदलीच्या बाबतीतही आपण वरिष्ठाच्या तोंडच्या 'बघू या'वर विसंबत नाही. एवढ्या मोठ्या बाबतीत हा अनुभवी पुरुष कसा विसंबला? व्यवहारी माणूस म्हणेल, अखेर मास्तरच! समोरच्याला एकदा नीट समजले, की तो तसे वागेल, हा शिक्षकाचा मूळ विश्वास. प्लेगच्या प्रकरणात मित्रांच्या पत्रांवर विश्वास टाकून त्यांनी चटका सोसला होता. प्रिटोरियात मंत्र्यांच्या शब्दावर विश्वास टाकून तो पुन्हा सोसला.

हा आक्षेप मी हलका मानीत नाही. समजणे आणि मानणे यांत जे अंतर असते, ते शिक्षकाला पुष्कळदा दिसत नाही. बोथा आणि स्मट्स यांना तीन पौंडांचे गणित कळले नव्हते असे नाही. त्यांना मते हवी होती, मळेवाल्यांची मर्जी हवी होती. कळूनही न मानणारा विद्यार्थी वर्गात क्वचित भेटतो. राजकारणात तो रोज भेटतो. केवळ पटवून देण्याने काम झाले असते, तर पुढचा भाग घडावा लागला नसता.

पुढे जे घडले ते असे. गोखल्यांना दिलेला शब्द मोडणे हा साऱ्या हिंदुस्थानचा अपमान आहे, असे गांधीजींनी मानले, आणि तोवर सत्याग्रहाच्या मागण्यांत नसलेला तीन पौंडांचा कर त्यांत आला. त्याबरोबर आजवर दूर राहिलेले हजारो गिरमिटिये लढ्यात आले. नाताळच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे चालत निघाली. इकडे गोखले आजारी असताना देशभर पैसा जमवीत होते, सरकारला तारा करीत होते, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना आफ्रिकेस पाठवीत होते. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी मद्रासला उघडपणे सत्याग्रह्यांची बाजू घेतली. १९१४ सालच्या कायद्याने तो कर रद्द झाला.

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. प्रिटोरियातील तो तोंडी शब्द वाया गेला नाही, याचे कारण तो ज्याला दिला त्याच्या सचोटीविषयी कोणाला शंका नव्हती. गोखल्यांच्या हातात कागद नव्हता. पण हा मनुष्य ऐकले नाही ते ऐकले म्हणणार नाही, हे त्यांच्या सतरा वर्षांच्या मास्तरकीने, त्यांच्या आकड्यांनी, आणि त्या बोचऱ्या माफीनेही देशाला पटविले होते. ज्याने एकदा पुरावा नाही म्हणून आपले विधान मागे घेतले, तो आता ठामपणे सांगत होता, की मला वचन दिले गेले. १८९७ सालच्या माफीने जे गेले असे वाटले, ते १९१३ साली उपयोगी पडले. तथापि कर उठला तो एकट्या या सचोटीमुळे नव्हे. त्या वचनासाठी खाणीतले मजूर, कडेवर मुले घेतलेल्या बायका तुरुंगात गेल्या. वकिलाची सनद शेवटी त्यांनी लिहिली, असे म्हटले पाहिजे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले. त्यांच्यामागे भारत सेवक समाजाची धुरा श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली. शास्त्रीबुवा मूळचे मद्रासकडील हेडमास्तर. १९२७ साली हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट म्हणून ते दक्षिण आफ्रिकेत गेले. जेथे गुरू सनदेवाचून गेला, तेथे शिष्य सनद घेऊन गेला. तेथे त्यांनी काय केले? हिंदी मुलांसाठी दरबान येथे एक विद्यालय उभे राहील अशी खटपट केली. ते त्यांच्या नावाने ओळखले गेले. फर्ग्युसनमधील गोखल्यांचे विद्यार्थी रँग्लर परांजपे हे १९०२ साली त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, आणि १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर होते. ही सारी परंपरा वर्गातून निघाली. स्वतंत्र देशाची वकिलात उभी राहण्यापूर्वी तिची उमेदवारी मास्तरांनी केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपण मुलखाबाहेर नोकऱ्या करणारी माणसे दुसऱ्यांच्या भाषेत, दुसऱ्यांच्या प्रश्नांवर शेरे मारीत असतो. प्रत्येक शेऱ्यामागे कोणा तरी कुटुंबाचे चौदा शिलिंग असतात. आपणापाशी सनद आहे, शिक्का आहे, नियमांचे पुस्तक आहे. गोखल्यांपाशी यांतले काही नव्हते. त्यांच्यापाशी जे होते ते कोणत्याही नेमणुकीच्या हुकुमाबरोबर येत नाही. मांडणी पूर्ण झाल्याशिवाय उत्तर लिहावयाचे नाही, चुकले तर सर्वांसमक्ष खोडावयाचे, आणि न समजणाऱ्याला पुन्हा समजावून सांगावयाचे: शाळेतील एवढी साधी शिस्त घेऊन हा मनुष्य साम्राज्याच्या मंत्र्यांसमोर जाऊन बसला. मास्तर या शब्दातील कीव त्यानंतर तरी आपण टाकून द्यावयास हवी होती.